उंबऱ्याजवळच्या मधमाश्या

१

शाळा उघडायच्या आधीचे दिवस खोलेकाचे मशीनवरच जायचे. टेकडीवरच्या निम्म्या पोरींचे निळे ट्यूनिक तिच्या हातचे असत. मोठ्या घरात पत्र्याखाली बसवत नसे, म्हणून मशीन अंगणातल्या गोल घरात ठेवलेलं होतं. वर गवताचं छप्पर, खाली शेणानं सारवलेली जमीन, आणि दारातून येणारा मुबलक उजेड. आत शिरल्यावर डावी बाजू बायकांची, तिथे तिचं मशीन. उजवी बाजू पुरुषांची. ती गेल्या हिवाळ्यापासून रिकामी होती. दफनाआधी तिच्या नवऱ्याची, मोंडेची शवपेटी तिथेच ठेवली होती. केपटाऊनहून आणलेली, पितळी कड्यांची, या घराला न शोभणारी.

त्या दुपारी एका चुणीवर टीप मारून खोलेकानं पायडलवरचा पाय काढला. मशीन थांबलं. घरघर थांबली नाही.

मोटर बिघडली असेल, म्हणून तिनं प्लग काढला. आवाज चालूच राहिला. तो मोठा नव्हता. कुणीतरी तोंड मिटून घशातल्या घशात काही म्हणत असावं, एवढाच. ती उठली, भिंतीला कान लावत लावत दारापर्यंत आली आणि तिथेच थबकली.

दाराच्या उजव्या अंगाला, आतल्या भिंतीला लागून, मधमाश्यांचा घोस होता. एकीच्या अंगावर दुसरी, तपकिरी, मंद हलणाऱ्या. सकाळपासून ती तिथून कितीदा तरी ये-जा करून चुकली होती.

तिची सावली भिंतीवर पडली आणि घोंगावणं थांबलं. कमी झालं नाही, थांबलंच.

शेजारची मामभेले हाक मारताच आली. वयानं वाकलेली होती, पण अजून कुणाच्याही घरात आधी तिचा आवाज शिरायचा.

"हात लावू नकोस. काय आहे ते हातात? झाडू? ठेव खाली."

"झाडू नाही, मामभेले. मोजायची पट्टी आहे."

"तीही ठेव." म्हातारीनं दारातूनच घोसाकडे पाहिलं, हात जोडले आणि पूर्वजांना म्हणतात तसं हलकेच "कामागू" म्हणाली. मग वळली आणि खोलेकाला तिच्या माहेरच्या कुळाच्या नावानं हाक मारत म्हणाली, "मोंडे आलाय, मादलोमो. घरची गेलेली माणसंच येतात अशी, माश्या होऊन. काहीतरी हवं असेल त्याला. बियर काढ, चार माणसं बोलाव, मान दे. निघून जातील. माझ्या सासऱ्याच्या वेळी माझ्या कपाटात शिरल्या होत्या. सगळे चांगले कपडे आत, आणि मी एका झग्यावर. जिवंतपणीही त्यांना माझे कपडे बघवायचे नाहीत."

खोलेका हसली. दुखवट्याचे काळे कपडे चढल्यापासून ती मोजकंच हसत असे. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. मोंडे घरी आला होता. इतके महिने तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण तो घरात आहे असं तिला एकदाही वाटलं नव्हतं.

मग तिनं पुन्हा घोसाकडे पाहिलं. मधमाश्या उंचावर बसतात, छपराच्या गवतात, झाडाच्या ढोलीत. या जमिनीपासून फार वर नव्हत्या. भिंतीला टेकून बसलेल्या माणसाची छाती जिथे येते, तिथे होत्या. आणि मोंडेची जागा दारात नव्हती. तो नेहमी थेट आत, समोरच्या भिंतीशी बसायचा, पाय लांब करून.

मामभेलेच्या ते लक्षात आलं की नाही, कळलं नाही. पण जाताना ती दारातून तिरकी होऊन बाहेर पडली, आणि "येते हं" म्हणाली ते खोलेकाकडे बघून नव्हतं.

२

"आई, त्या चावतात," आखोना फोनवर म्हणाली. लेक डर्बनला औषधांच्या दुकानात होती. "जास्त चावल्या तर माणूस दगावतो. मी रोज बघते."

"अजून कुणाला चावल्या नाहीत."

"अजून. मी गचुवातल्या फवारणीवाल्याशी बोललेय. सोमवारी येतोय तो."

"आणि तुझे बाबा असतील तर?"



"बाबा असते तर आधी फोन केला असता. जेवायला काय केलंयस, विचारायला."

दोघी हसल्या. पण आखोनानं फवारणीवाल्याला नको म्हणून सांगितलं नाही, आणि खोलेकानंही तसं सांगायला लावलं नाही.

बियरसाठी मक्याचं नि ज्वारीचं पीठ भिजत पडलं होतं, शनिवारी दीर यायचा होता. तोवर ट्यूनिक शिवायलाच हवे होते. खोलेकानं मशीन फिरवून घेतलं, दाराकडे पाठ येणार नाही असं. शिवता शिवता ती घोसाशी बोलू लागली. थडग्यावर अजून दगड बसवला नाही, बोकडाचा पाय मोडला होता तो सांधला, आखोनाला बढती मिळाली. असं काहीबाही.

उत्तर नव्हतं, ते अपेक्षितही नव्हतं. तिला खटकलं ते वेगळंच. ती आत आली की घोंगावणं बंद पडायचं. ती बसली, मशीन सुरू झालं, की जरा वेळानं पुन्हा सुरू व्हायचं, हळू. तेही सलग नाही. थोडं घोंगावणं, मग लांबलचक शांतता, मग हुंकारासारखं लहानसं काही, पुन्हा शांतता.

पावलांचे हादरे त्यांना कळतात, तिनं स्वतःची समजूत घातली. वारा पडला की गप्प होत असतील. एकदा ती मुद्दाम अनवाणी, अंगणातल्या मऊ मातीवरून, श्वास धरून आली. आत आवाज चालू होता. तिची सावली उंबऱ्यावर पडली मात्र, बंद.

परक्या घरात बसलेला माणूस घरची बाई आत आली की बोलता बोलता गप्प होतो. तसं.

मोंडे तिच्यासाठी कधी गप्प झाला नव्हता. केपटाऊनच्या कामावरून रजेवर घरी आला की पहाटेपासून सुरू. ती स्वयंपाकघरात असली तर भिंतीपलीकडून बोलायचा. बसमध्ये भेटलेल्या माणसाला जेवायला घेऊन यायचा आणि जेवण झालं तरी त्याला उठू द्यायचा नाही. किती वेळा खोलेकानं दारात उभं राहून डोळ्यांनी खुणावलं होतं, की सोड आता बिचाऱ्याला.

त्या दिवसापासून तिनं मशीन मोठ्या घरात नेलं. उकडलं तरी चालेल, असं ठरवलं.

३

शनिवारी माणसं जमली. दीर लुंगिसा म्थाथाहून गाडी घेऊन आला. तो शिक्षण खात्यात अधिकारी होता, गावाकडे येतानाही शर्टाला कडक इस्त्री. त्यांच्या घराण्यातले सगळ्यात वडील, ताता झोलिले, काठी टेकत आले आणि आत जाऊन बसले.

पुरुष उजव्या बाजूला ओळीनं बसले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी दाराजवळ एका माणसापुरती जागा सगळ्यांनी सोडली.

लुंगिसानं घराण्याची बिरुदं म्हटली. मोंडेचं नाव घेतलं. "भाऊ, तुझ्यासाठी काढलीय. तुझ्या बायकोच्या हातची आहे, म्हणजे जरा आंबट असणार." माणसं हसली. त्यानं जमिनीवर थोडी सांडली, मडकं फिरू लागलं. बायकांच्या बाजूला मामभेलेनं गाणं सुरू केलं. सगळं व्हायला हवं तसं झालं, आणि सगळ्यांनी मधूनमधून दाराकडे पाहिलं.

घोस हलला नाही. पांगला नाही, उडाला नाही, घोंगावलाही नाही. एवढी माणसं, एवढं गाणं, आणि त्या कोपऱ्यात नुसती गप्प बसलेली ती तपकिरी चकाकी.

ताता झोलिले बराच वेळ बघत होते.

"याला वाढलं का कुणी?" त्यांनी विचारलं.

"त्याच्यासाठीच तर काढलीय, ताता," लुंगिसा म्हणाला.

"काढलीस रे. पण दिलीस का? मोंडेला द्यावी लागत नाही. तो घरचा आहे, घेतो." म्हाताऱ्यानं काठी दाराकडे केली. "घरचा माणूस कधी दारात बसतो का? तिथे कोण बसतं?"

 दाराशी बसतो तो परका पाहुणा, हे लहान पोरालाही माहीत असतं.

हळूहळू एकेकाला काहीतरी आठवलं. कुणाच्या गाई परतायच्या होत्या, कुणाचे गुडघे धरले होते. मडक्यात अर्धी बियर शिल्लक असताना माणसं घरी गेलेली खोलेकानं या गावात कधी पाहिली नव्हती.

४

उन्हं कलली होती. मोठ्या घराच्या ओट्यावर खोलेका मडकी घासत होती. लुंगिसा पायरीवर बसला होता, बूट काढून.

"लुंगिसा, तू त्याला आणायला गेलास तेव्हा काय म्हणालास?"

"कुठे?"

"हॉस्पिटलात. फांदी घेऊन गेलास तेव्हा."

माणूस घरापासून दूर वारला तर नुसता देह आणून भागत नाही. घरातल्या एकानं उम्फाफाची काटेरी फांदी घेऊन तो गेला त्या जागी जायचं, त्याला नावानं बोलवायचं आणि घरापर्यंत त्या फांदीशी बोलत यायचं. आता जिना उतरतोय, आता बसमध्ये चढतोय, आता नदी आली. बसमध्ये त्याची वेगळी जागा घ्यायची, वाटेत दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. लुंगिसानं हे सगळं केलं होतं. एवढ्या लांबून, एका शब्दानं कुणाशी न बोलता.

"म्हणालो, चल. घरी जाऊ."

"नाव?"

तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"भेटायची वेळ होती, वहिनी. वॉर्ड भरलेला. मोंडेच्या खाटेवर दुसरा माणूस आलेला, त्याची बायको त्याला दही भरवत होती. परिचारिका माझ्या मागे उभी, घड्याळ बघत. मी सूटमध्ये, हातात प्लास्टिकच्या पिशवीत काटेरी फांदी. बिरुदं म्हणायची म्हणजे ओरडून म्हणायची. मी हळूच म्हणालो, चल, घरी जाऊ. वाटलं, त्याला माझा आवाज कळेल."

खोलेकाच्या हातातलं मडकं हातातच राहिलं.

"नाव घेतलं नाहीस."

"नाही."

अंगणापलीकडे गोल घराचं दार उघडंच होतं. आतला काळोख इथून दिसत होता.

"समोरच्या खाटेवर एक म्हातारा होता," लुंगिसा म्हणाला. "आदल्या दिवशी मी सामान घ्यायला गेलो तेव्हा. मला म्हणाला, पोरा, कुठले तुम्ही? मी म्हटलं, गचुवाकडचे. तर म्हणाला, ती बस आमच्या बाजूलाच जाते. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी फांदी घेऊन गेलो तर खाट मोकळी. गादी उभी करून ठेवलेली."

"नाव काय त्याचं?"

"विचारलं नाही."

खोलेका खाली बसली. दारात कोण आहे याची भीती आता मागे पडली होती. तिच्यापुढे एकच चित्र होतं. लांबलचक वॉर्ड, दोन्ही अंगांना खाटा, आणि त्या सगळ्यांमध्ये मोंडे, आपलं नाव कुणी घेईल म्हणून थांबलेला. भावाचा आवाज आला, भाऊ निघून गेला, दुसराच कुणीतरी उठून त्याच्या मागे गेला. आणि हा तिथेच, हिवाळ्यापासून.

"मी पुन्हा जातो," लुंगिसा म्हणाला. "उद्या निघतो. या वेळी ओरडेन."

"आणि सोमवारी फवारणीवाला येतोय," खोलेका म्हणाली.

५

रविवारी सकाळी सगळं गाव चर्चमध्ये होतं. लुंगिसा गाडीत हवा भरायला खाली रस्त्यावर गेला होता. खोलेकानं एनॅमलच्या मगात उरलेली बियर गाळून घेतली, गोल घराच्या उंबऱ्याशी आली आणि आत पाऊल टाकायच्या आधी खोकली, आपण आलोय हे कळावं म्हणून.

घोंगावणं थांबलं.

तिनं तो मग दोन्ही हातांनी घोसापुढे ठेवला. इतक्या जवळ ती अजून आली नव्हती. ऊब जाणवत होती, अंगाची असते तशी.

"घ्या," ती म्हणाली. "काल राहून गेलं. आम्हांला तुम्ही कोण ते माहीत नाही, तरी घ्या."

मग ती बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसली. पळून जावंसं वाटत होतं. तिनं पाय झग्याखाली ओढून घेतले. मधमाश्या आहेत, ती मनात म्हणत होती. मधमाश्या आहेत आणि मी एक खुळी विधवा आहे, चर्चची घंटा ऐकत माश्यांना बियर पाजतेय. हे असंच असू दे, तिला वाटलं. यापेक्षा जास्त काही नसू दे.

बऱ्याच वेळानं आवाज सुरू झाला. ती समोर असताना पहिल्यांदाच. थोडं घोंगावणं. शांतता. लहानसा हुंकार. लांब शांतता. पुन्हा हुंकार.

ती ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिला कळलं की आपण हे ओळखतो. हे एका बाजूचं बोलणं होतं. फोनवर कुणी बोलत असलं की खोलीतल्या माणसाला ऐकू येतं तसं. हं. हं, असं होय. मग लांबच लांब ऐकणं. पलीकडचा फार बोलत होता.

तिनं घोसाकडे नीट पाहिलं. माश्या एकीवर एक चढलेल्या होत्या, पण डोकी सगळ्यांची एकाच दिशेला होती. तिच्याकडे नाही, मगाकडे नाही, दाराबाहेरच्या उजेडाकडेही नाही. आत, समोरच्या भिंतीकडे.

उन्हाची तिरीप सरकली आणि क्षणभर तिथे एक मान दिसली. म्हाताऱ्या माणसाची, मागच्या बाजूनं, बारीक कापलेले पांढरे केस. आणि एक कान. चेहरा आत वळलेला होता, मान जरा झुकलेली, पाहुण्यानं यजमानाचं ऐकताना झुकवावी तशी. दमलेली मान. तिची पापणी लवली आणि भिंतीवर माश्याच होत्या.

खोलेका हलली नाही. तिनं हळूहळू समोरच्या भिंतीकडे नजर नेली. तिथे काही नव्हतं. सारवलेली जमीन, भिंत, भिंतीवर ओलीचा डाग. मोंडे पाय लांब करून बसायचा ती हीच जागा.

यजमान घरात नसेल तर पाहुणा असा बसून राहत नाही. तो निघून जातो. हा इतके महिने बसला होता, कारण कुणी त्याला उठू दिलं नव्हतं.

"मोंडे," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच निघाला, स्वयंपाकघरातून यायचा तसा. "पुरे आता. जाऊ दे त्यांना. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघत असेल."

गोल घरात काहीच ऐकू येईनासं झालं. माश्या नाहीत, गवत नाही. मोंडेचं बोलणं मध्येच तोडलं की नेहमी अशीच शांतता पडायची, जरा रुसलेली. खोलेकानं तोंडावर हात दाबला. ती रडत होती की हसत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. ती तशीच बसून राहिली, चर्च सुटून माणसं टेकडी चढू लागेपर्यंत.

६

"केपटाऊनला जायचं नाहीये," तिनं लुंगिसाला सांगितलं. "तो इथेच आहे. तुझा आवाज कळला त्याला. येताना एकाला घेऊन आला, एवढंच. त्याची सवय तुला माहीत आहे."

 लुंगिसा पायरीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांत तोंड लपवलं.

सोमवारी सकाळी त्यानं उम्फाफाची ताजी फांदी तोडून आणली. अंगणात शेजारीपाजारी जमले होते, कुंपणाशी पोरं होती, आणि फवारणीवाला आपल्या गाडीला टेकून उभा होता, मुखवटा गळ्यात अडकवून. त्या सगळ्यांसमोर लुंगिसा उंबऱ्याशी उभा राहिला आणि खणखणीत आवाजात बोलला.

"बाबा, मी मोंडेचा भाऊ लुंगिसा. त्या दिवशी मी नाव घेतलं नाही. तुमचं तर विचारलंही नाही. तुम्ही आमच्याकडे राहिलात, आम्ही तुम्हांला वाढायला उशीर केला. आता चला, तुमच्या बसपर्यंत सोडतो. कुठली ते तुम्हांला माहीत आहे."

घोसाचा खालचा भाग सुटला, मग वरचा. माश्या एका धारेनं दारातून बाहेर पडल्या, माणसांच्या डोक्यांवरून, गोठ्यावरून, टेकडीच्या उतारावर. कुणाला चावल्या नाहीत. भिंतीवर ना पोळं, ना मेणाचा ठिपका.

"मग मी काय करू?" फवारणीवाल्यानं विचारलं.

"बियर उरलीय," मामभेले म्हणाली. "बस."

लुंगिसानं फांदी गाडीत मागच्या सीटवर ठेवली आणि पट्टा लावला. खोलेका पुढे बसली. दुखवट्यातल्या बाईनं बाजारात फिरू नये, असं मामभेले म्हणाली, आणि लगेच स्वतःच तिच्या खांद्यावरची शाल नीट केली. वाटभर लुंगिसा मागे बोलत होता. बाबा, आता उतार आहे. हा ओढा. हे खड्डे आमच्या नगरपालिकेचे, माफ करा.

गचुवाच्या बसतळावर नेहमीची गर्दी होती. लुंगिसा फांदी उभी धरून बसच्या रांगेपुढून चालू लागला आणि एकेक पाटी मोठ्यानं वाचू लागला. लोक बाजूला होऊन वाट देत होते. कुणी विचारलं नाही.

"ही म्थाथाची. ही कोमानीची. ही माटाटिएलेची. ही लुसिकिसिकीची."

लुसिकिसिकीच्या बसचं दार उघडं होतं. दुसऱ्या रांगेत वाटेच्या बाजूला एक जाडजूड बाई बसली होती, मांडीवर कोबीची पिशवी, खिडकीकडची जागा मोकळी. मान मागे वळवून ती कुणाशी तरी सुनेबद्दल बोलत होती. बोलता बोलता तिनं पिशवी उचलून धरली, गुडघे बाजूला घेतले, कुणीतरी समोरून आत सरकून खिडकीशी बसेल एवढा वेळ थांबली, आणि पिशवी पुन्हा मांडीवर ठेवली. सुनेची गोष्ट तिनं कुठेही तोडली नाही.

लुंगिसा पुढची पाटी वाचायचा थांबला. त्यानं खोलेकाकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

त्यानं खिडकीकडच्या जागेचं तिकीट काढलं आणि फांदी कंडक्टरच्या हातात दिली. कंडक्टरनं ती दोन्ही हातांनी घेतली आणि त्या जागेच्या वर, सामानाच्या फळीवर आडवी ठेवली. बस निघाली. खिडकीत कुणी दिसलं नाही. तरी ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत खोलेका हात हलवत राहिली.

"वहिनी, काही खाऊन जायचं?" लुंगिसानं विचारलं. "इथे मांस चांगलं भाजतात. सकाळपासून तुम्ही काही घेतलं नाही."

तिला भूक लागली होती. किती दिवसांनी, ते तिला आठवेना. पण तिनं शाल आवरली आणि गाडीकडे वळली.

"बांधून घे, गाडीत खाऊ," ती म्हणाली. "मोंडे घरी एकटा आहे."